चार हजार मीटरवरचे एक बोट

मित्रांनो, कपडे वाळत घालायच्या चिमट्यापेक्षा मी थोडासाच मोठा आहे. तोंड उघडले की आत एक लाल दिवा लागतो. त्यात कुणी बोट घातले की मी त्या माणसाच्या रक्तात प्राणवायू किती आहे, ते आकड्यात दाखवतो. लोक मला ऑक्सिमीटर म्हणतात. वय अवघे सहा वर्षे, तरी मी जुना झालो आहे. माझ्या पाठीवर एक चीर आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी जागा होत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते. साथीच्या दिवसांत आम्हांला इतकी मागणी होती, की सोलापुरातल्या औषधाच्या दुकानात मी फक्त दहा मिनिटे राहिलो. चंद्रिकाबाई मला घरी घेऊन आल्या. त्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत.

ते वर्ष मी कधीच विसरणार नाही. संपूर्ण गल्लीत मी एकटाच होतो. सकाळी या घरी, दुपारी त्या घरी. विड्या वळून तंबाखूचा वास लागलेली बोटे मी पाहिली, मागावरच्या सुताने चिरलेली बोटे पाहिली. एका नव्या नवरीच्या नखांवर गडद रंग होता. तिचा आकडा मला सांगताच येईना आणि सारे घर घाबरले. रंग पुसल्यावर आकडा नीट आला, तेव्हा सगळे हसले. स्वतः चंद्रिकाबाईही त्या साथीत आजारी पडल्या आणि तीन आठवड्यांनी उठल्या. लोक माझे फार कौतुक करत. पुढे साथ ओसरली आणि मी कपाटाच्या खणात गेलो. माझ्या पोटातल्या सेलांना पाणी सुटले, पत्रा गंजला. चार वर्षे मला कुणी विचारले नाही.

अंधारात पडल्या पडल्या मला एकच प्रश्न पडायचा. हवा सगळीकडे सारखीच असते का?

त्या प्रश्नाचे उत्तर मला केराबाईंमुळे मिळाले. केराबाई त्याच शाळेत शिपाई होत्या. माहेर मोडनिंबचे, शिक्षण सातवीपर्यंत. भूगोलाच्या तासाला नकाशा वर्गात नेऊन टांगायचा आणि तास संपला की गुंडाळून न्यायचा, हे त्यांचे काम. नकाशा टांगून झाला तरी त्या दाराशी रेंगाळत आणि ऐकत. अशा त्यांनी हिमालयाचा धडा अठ्ठावीस वेळा ऐकला होता. यंदा मार्चमध्ये दोघी एकाच दिवशी निवृत्त झाल्या. निरोपाचे हार काढून ठेवताना केराबाईंनी विचारले, "बाई, त्यो हिमालय तुमी बगितलाय का वो?"

"नाही हो केराबाई. फळ्यावरच काढला."

"मग जाऊ की! आता कुनाची घंटा वाजवायची हाय?"

अशी सुरुवात झाली. सोलापुरातला सहाजणांचा एक गट ऑक्टोबरमध्ये नेपाळला, अन्नपूर्णा शिखराच्या पायथ्याशी जाणार होता. दोघींनी त्यात नावे दिली. गटप्रमुख अभिमन्यू यांनी सामानाची यादी पाठवली आणि त्या यादीत मी होतो! बाईंनी मला खणातून काढले, लिंबाच्या रसाने माझा गंज पुसला, नवे सेल घातले. माझा लाल दिवा लागला तेव्हा केराबाईंनी टाळी वाजवली.

मग रोज संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेत चाले. आलेखाच्या कागदावर बाईंनी एक चढती रेघ काढली. सोलापूर साडेचारशे मीटर. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सरहद्द ओलांडून पोखरा, आठशेच्या वर. पुढे जीपने घांद्रुक नावाचे गाव, दोन हजार. मग पायी चार दिवस आणि शेवटी चार हजार एकशे तीस.

"तितं हवा कमी म्हंजे काय वो बाई?" केराबाईंनी विचारले. "हवा काय रेशनवर मिळती?"

"हवा असते, पण विरळ. सोलापुरात एका श्वासात जेवढं पोटभर मिळतं, तेवढ्यासाठी तिथे दीड-दोन श्वास लागतात. म्हणून सावकाश चढायचं, मध्ये थांबायचं. शरीराला सवय होऊ द्यायची."

मी टेबलावरून कान देऊन ऐकत होतो. विरळ हवा! ती दिसते कशी? मी तिथे गेलो तर मला कळेल का? मला ऑक्टोबरची घाई झाली.

प्रश्न असा होता, की सपाट सोलापुरात चढायचा सराव करायचा कुठे? जुळे सोलापूर नावाच्या वस्तीत एक सात मजली इमारत होती. पाठीवर सॅक, त्यात दहा किलो ज्वारी आणि पायांत नवे जाड बूट घालून दोघी तिचा जिना चढू लागल्या. तेच बूट घालून केराबाई भाजी मंडईतही जात. मे महिन्यात बेचाळीस अंशांत त्या एकदा लोकरीची टोपी घालून आल्या. टोपी टोचते का, ते पाहायचे होते म्हणे. इमारतीचा राखणदार रोज कळवळून सांगे, "काकी, लिफ्ट चालू है ना!"

तिसऱ्या मजल्यावर थांबून दोघी मला बोट देत. केराबाईंचा आकडा सत्त्याण्णव. मग बाईंनी बोट घातले. मी एक्क्याण्णव दाखवले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तोंबत्तोंदु," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. कानडी ही त्यांची घरची भाषा. हाच आकडा त्या कानडीत बोलल्या. केराबाईंना कानडी येत नव्हती.

"किती आलं बाई?"

"सत्त्याण्णव," बाई मराठीत म्हणाल्या आणि त्यांनी मला चटकन मिटवले.

मित्रांनो, मला दिवा आहे, पण आवाज नाही. त्या दिवशी मला त्याचे फार वाईट वाटले. जून गेला, जुलै गेला. बाई रोज कानडीत एक आकडा पुटपुटत आणि मराठीत दुसरा सांगत. त्यांना खोटे बोलायची आवड नव्हती. आयुष्यभर शिकवलेला डोंगर एकदा पाहायचा होता आणि आपण थांबलो तर केराबाईही थांबतील, याची त्यांना भीती होती.

ऑगस्टमधल्या एका सकाळी दोघी पाचव्या मजल्यावर पोचल्या. बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. ओठ निळसर झाले होते. त्यांनी मला खिशातून काढले, तोच केराबाईंनी मला त्यांच्या हातातून घेतले आणि स्वतः बाईंच्या बोटाला लावले. मी सत्त्याऐंशी दाखवले.

"आकडा वाचाया मला बी येतो की, बाई," केराबाई हळू म्हणाल्या. "किती दिस चाललंय ह्ये?"

बाई पायरीवर बसल्या. "मे महिन्यापासून."

"वर गेल्यावर तुमी पडला असता, तर मी काय केलं असतं? कुनाला हाक मारली असती तितं?" केराबाईंनी मला बाईंच्या बोटावरून काढून मुठीत धरले. "पोरांना एवढं खरं खरं शिकवलं, अन् मलाच खोटं सांगितलं व्हय?"

बाईंनी मान खाली घातली. त्याच दुपारी त्या डॉक्टरांकडे गेल्या. साथीच्या आजाराचे व्रण त्यांच्या फुप्फुसांत राहून गेले होते. औषधोपचार सुरू झाले. महिन्याभराने पुन्हा तपासून डॉक्टरांनी सांगितले, "घांद्रुकपर्यंत जा, जीपने आणि सावकाश. त्यापुढे एक पाऊलही नाही."

"मग मी बी न्हाय जात," केराबाई म्हणाल्या. त्यांनी बूट काढून भिंतीशी ठेवले.

टेबलावर आलेखाचा कागद तसाच पडला होता. बाईंनी पेन्सिल घेतली आणि घांद्रुकजवळ एक गोल केला. "मी इथे बसेन. समोर शिखरं दिसतात म्हणे. पण वर काय आहे, ते मला कोण सांगणार? केराबाई, तुम्ही गेला नाहीत, तर मला ते कधीच कळणार नाही."

केराबाईंनी भिंतीशी ठेवलेले बूट पुन्हा जवळ ओढले. मग म्हणाल्या, "काय काय बगायचं, त्ये सांगा."

सप्टेंबरभर बेताचे रूप बदलले. वर काय पाहायचे, याचे प्रश्न बाईंनी एका वहीत लिहून दिले. दरीचा तळ कसा आहे? दगडांवर घासल्याच्या रेघा आहेत का? सॅकमध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरली गेली आणि वरच्या कप्प्यात मी.

घांद्रुकला बाई एका अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि आम्ही पुढे निघालो. तिसऱ्या मुक्कामी, बत्तीसशे मीटरवर, अभिमन्यूंनी सर्वांना आकडे विचारले. केराबाईंचे बोट गारठले होते, मला काही वाचता येईना. त्यांनी चहाच्या गरम पेल्यावर हात शेकून पुन्हा बोट दिले. चौऱ्याऐंशी. बाकीचे सगळे उद्या पुढे जायला उतावीळ होते. केराबाई माझ्याकडे बघत होत्या. खोटे सांगणे किती सोपे होते!

"चौऱ्याऐंशी," त्या मोठ्याने म्हणाल्या. "अन् डोकं बी ठनकतंय."

अभिमन्यूंनी वाटाड्याशी बोलून तिथेच एक दिवस थांबायचे ठरवले. कुणी कुरकुरले नाही. खरे तर आणखी एकाचे डोके दुखत होते. केराबाई बोलल्यावर त्यालाही सांगायचा धीर आला. दुसऱ्या संध्याकाळी केराबाईंचा आकडा नव्वद झाला, डोके ठणकायचे थांबले आणि मग आम्ही वर गेलो.

ज्या विरळ हवेची मला इतकी उत्सुकता होती, ती अखेर मला भेटली. मित्रांनो, ती दिसत नाही. तिला वास नाही, रंग नाही. ती फक्त माणसाच्या बोटात कळते. हृदय भराभर ठोके देते, रक्त थोडक्यात भागवते आणि माणूस एकेक पाऊल टाकत राहतो. तिथे केराबाईंच्या बोटाची ती धडपड पाहून मला त्यांचा अभिमान वाटला.

लॉजच्या वायफायवरून त्यांनी घांद्रुकला फोन लावला.

"बाई, पोचले! दरी परातीवानी हाय, बुडाला रुंद. कडं सरळ उभं."

"म्हणजे हिमनदीच गेली तिथून! दगडांवर रेघा आहेत?"

"हायत की. खिळ्यानं वढल्यावानी. अन् बाई, बर्फ नुसता पांढरा न्हाय वो. त्याच्या फटीत आत निळं हाय. लई निळं."



"निळं?" बाई म्हणाल्या. "केराबाई, हे मला ठाऊक नव्हतं. जरा सावकाश सांगा. मी लिहून घेते."

केराबाई एका खडकावर बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या. त्यांचे बोट माझ्यातच होते. आकडा पंच्याऐंशी होता आणि त्या हसत होत्या.

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र आकडा दाखवते. तो मोठ्याने सांगायचे काम मात्र तुमचे. दम लागला, छातीत भरून आले, डोके दुखले, तर लाजू नका आणि लपवू नका. जवळच्या माणसाला खरे काय ते सांगा. तो तुमच्यासाठी एक दिवस थांबेल. आणि तुम्हांला पुढे जाता येणारच नसेल, तर तो तुमच्यासाठी वर जाईल आणि बर्फ आतून कोणत्या रंगाचा असतो, ते तुम्हांला फोन करून सांगेल.