अठ्ठेचाळीस एमबीचा वाघ

वाघाचा फोटो वरून खाली, एकेका पट्टीने उघडत होता. आधी आभाळ आलं, मग सागाचे शेंडे. आमच्या पंचायतीचा कॉम्प्युटर असा, की त्याच्यावर दाखला काढायला बसलेला माणूस उठेपर्यंत त्याची दाढी वाढते.

खुर्चीवर प्रवीण होता, सिंदेवाहीचा लग्नाचे फोटो काढणारा. मागे वनरक्षक रंजीताबाई, हातात पिंजऱ्यातल्या वाघाचा छापलेला फोटो. आणि कोपऱ्यात मी, मुखरू. मला घाम सुटला होता, त्याला कारण होतं.

फेब्रुवारीत आमच्या गावच्या पत्रूला वाघाने मारलं. दुसऱ्याच दिवशी प्रवीणला एका वरातीहून परतताना पत्रूच्याच बांधावर वाघ दिसला. त्याने गाडीवरूनच फोटो घेतला. त्याचा कॅमेरा म्हणजे काय सांगू, वाघाच्या मिशीवरचा डास दिसावा, आणि डासाच्या पोटातलं रक्त कुणाचं तेही कळावं! पण फोटो अठ्ठेचाळीस एमबीचा. माझ्या फोनमध्ये सुप्रभातची गुलाबं ठासून भरलेली, जागा कुठली? मीच म्हणालो, "बारका करून धाड ना बे." त्याने बारका केला, पाठवताना फोनने आणखी पिळला.

तो मी वनखात्याच्या साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "पट्टे पुसट आहेत. तुम्ही पाहिलाय ना वाघ? हाच का?"

पाहिला कुठे होता! पण वाघाच्या गोष्टी सांगण्यात ज्याची हयात गेली, तो 'माहीत नाही' कसं म्हणेल? म्हटलं, "हाच. माझ्याकडे पाहून शेपूट हालवली त्यानं."

त्या बारक्या फोटोवर आणि माझ्या साक्षीवर वाघ पिंजऱ्यात पडला. काल संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं, आता मोहफुलं वेचायला खुशाल जा. आज पहाटे माझी बायको गुणाबाई टोपली घेऊन गेली. मोहाचं झाड ज्याच्या त्याच्या घराचं ठरलेलं असतं. आमचं नाल्यापलीकडे, सगळ्यांत लांब.

आणि आता नोंदीसाठी म्हणून रंजीताबाईंनी मूळ फोटो मागवला होता.

वाघाचे कान आले. मग पाठ.

"उजव्या कुशीकडं पाय बरं," रंजीताबाई म्हणाल्या. "तिसरा न् चौथा पट्टा. पिंजऱ्यातल्याचे खाली जुळून हायेत, फांदीच्या दुबेळक्यावानी."

"मोठं करून पायतो," प्रवीण म्हणाला. त्याने बटण दाबलं आणि पडदा पांढरा झाला.

"मेला काय?" मी विचारलं.

"थांबा ना भाऊ, फाईल जड हाये."

आम्ही थांबलो. बाहेर उन्हं वर येत होती. मोहफुलं पहाटे गळतात. म्हणजे गुणाबाई कधीची वाकून वेचत असणार. आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो.

पडदा भरला. तिसरा पट्टा. चौथा पट्टा. मध्ये बोटभर पिवळं, लख्ख. बारक्या फोटोत ते पिवळं विरघळून पट्टे जुळले होते.

"हा तो नोहे," रंजीताबाई हळूच म्हणाल्या. मग भोंग्याकडे धावल्या. "परत या! सगळ्याजणी परत या!"

जवळच्या बायका परतल्या. नाल्यापर्यंत भोंगा पोचत नाही. मी प्रवीणच्या गाडीवर मागे बसलो.

गुणाबाई पाठमोरी वाकलेली होती.

"उभी राय!" मी ओरडलो.

"काऊन? अर्धी टोपली बाकी हाये."

"वाघ मोकळाच हाये. दुसराच पकडला."

"झालं सुरू तुमचं," ती तशीच वाकून म्हणाली. "तवा तं शेपूट हालवली म्हणे त्यानं."

"खोटं बोललो मी. म्या वाघ पायलाच नाई."

चाळीस वर्षांत हे वाक्य तिने माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती ताडकन सरळ उभी राहिली, आणि तिच्या मागे वीस पावलांवर पळसाच्या झुडपात दबून बसलेलं पिवळं मागे सरकलं.

"पाठ नका दाखवू," प्रवीण कुजबुजला. त्याने कॅमेरा उचलला, खाली केला. कार्ड भरलेलं होतं. रात्रीच्या लग्नाचे तीनशे फोटो, सगळे मोठ्यातले मोठे. तोंड झुडपाकडे ठेवून आम्ही तिघं एकेक पाऊल मागे आलो. गुणाबाईने टोपली सोडली नाही.

पंचायतीत साहेब आले होते. मी सरळ सांगून टाकलं, "साहेब, त्या दिवशी म्या वाघ पायला नव्हता." मग त्यांनी आजचं विचारलं. म्हटलं, "आज पायला ना! बैलगाडीएवढा. डोळे कंदिलासारखे, जबड्यात..."

"यायले नका विचारू," गुणाबाई टोपली खाली ठेवत म्हणाली. "यायचे डोळे मिटून होते. वही काढा, मी सांगतो."