रात्री जेवणानंतर दोन पानं

मले टीव्हीचा राग नाही. माझ्या घरी बी टीव्ही आहे, अन् सिरियल पाहत पाहतच मी भाजी निवडते. पण माझं पुस्तकांचं कपाट काढून त्या जागी टीव्ही लावणार म्हटल्यावर माझं डोकं सटकलं, हे आधीच सांगून टाकते.

मी वंदना. धंतोलीतल्या एका लहान पोरायच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, बावीस वर्षं झाली. नंबर लावायचे, नंबर आला की हाक मारायची, अन् डॉक्टरनं दिलेलं औषध लोकायले समजावून सांगायचं. यवतमाळ, गडचिरोलीहून माणसं येतात, त्यायले डॉक्टरचं अक्षर काय वाचता येईल? मलेच येत नाही कधी कधी. म्हणून पाकिटावर मी लिहून देते : सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, कोर्स अर्धवट सोडू नये. खाली दवाखान्याचा शिक्का. हाताले इतकी सवय झाली की एकदा किराण्याच्या यादीत मी साखरेपुढं ‘जेवणानंतर’ लिहिलं होतं. दुकानदार अजून हसते मले.

ते कपाट आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांचं, मधुसूदन साहेबांचं. काचेची दारं, चार फळ्या, दोनशेक पुस्तकं. बाहेर थांबलेलं पोट्टं रडायले लागलं की मी काउंटरवरूनच एक पुस्तक उघडते अन् मोठ्यानं वाचते. दुसऱ्या पानावर पोट्टं गप. मग त्याच्या आईले सांगते, घरी घेऊन जा, पुढच्या वेळी परत आणा.

गुडघ्यांनी हैराण झाल्यावर साहेब घरी बसले अन् त्यांची मुलगी, चिन्मयी मॅडम, खुर्चीवर आल्या. पोरगी हुशार आहे, हात हलका आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण एक दिवस केबिनमधून बाहेर आल्या अन् म्हणाल्या, “वंदनाताई, हे कपाट काढू या. टीव्ही लावू. कार्टून लागलं की सगळी पोरं शांत.”

“माझ्यासमोर बी शांतच बसतात मॅडम.”

“इथं बसतात हो. पण पुस्तकं घरी नेऊन वाचतं कोण? तुम्ही इतक्या मायेनं देता, आणि ती तशीच परत येतात.”

“काहून? वाचतात ना लोक!”

“मग मला एक घर दाखवा. एकच. ज्यांनी घरी नेऊन पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. महिनाभर वेळ देते. नाहीतर पुढच्या महिन्यात, शेवटच्या शनिवारी, टीव्हीवाला येईल.”

एक घर! अवं बाई, मी शंभर दाखवीन, असं मनात म्हटलं अन् दुसऱ्या दिवसापासून अशी भिडले की बाजूचा मेडिकलवाला बी पाहत राहिला. वर्ध्याहून जुळ्या पोरी आल्या, त्यायले मुद्दाम दोघींत एकच पुस्तक दिलं. भांडतील तं वाचतील. एका पोराचा बाप सारखा फोनवर, त्याले म्हटलं, भाऊ, हे वाघाचं घ्या, यात डरकाळी तुम्हालेच फोडावी लागते. एक शिक्षिकाबाई आल्या, म्हणे चांगले संस्कार करणारं द्या. मी म्हटलं, ताई, पोरगी पाच वर्षांची आहे, तिले आधी पोट धरून हसू द्या, अन् शेंबड्या राक्षसाचं पुस्तक तिच्या पिशवीत घातलं.

त्याच हप्त्यात वामनराव आले. काटोलकडचे संत्रेवाले. मुलगा सुशील माल घेऊन कळमन्याच्या बाजारात निघाला होता, त्याच गाडीत बसून वामनराव, त्यांची बायको जयवंताबाई अन् सात वर्षांची नात अबोली. तक्रार एकच, पोरगी जेवत नाही. मोबाईल समोर धरला तरच तोंड उघडते. मॅडमनं पोरीले नीट तपासलं अन् सांगितलं, काही झालेलं नाही, मोबाईल बंद करा, औषधाची गरज नाही.

झालं! वामनराव काउंटरवर येऊन उभे. “बाई, एवढ्या दुरून धंतोलीत आलो, अन् औषध नाही म्हणता? असं कुठं असते का?”

“थांबा काकाजी, देते ना औषध,” मी म्हटलं अन् कपाटातून ‘उंटाचं टपाल’ काढलं. जुनं, पिवळी पानं, पण लाखात एक. म्हातारा पोस्टमन आजारी पडते, म्हणून त्याचा उंट एकटाच एक पत्र घेऊन निघते. पावसानं पत्ता पुसून गेला आहे. गावोगाव उंट थांबते, अन् प्रत्येक गावात कोणीतरी म्हणते, माझं तं नाही ना हे?

पाठोपाठ चिठ्ठी लिहिली. हात आपोआपच चालला : ‘उंटाचं टपाल. रात्री जेवणानंतर दोन पानं. सगळ्यांनी बसून. कोर्स अर्धवट सोडू नये. एक महिन्यानं दाखवणे.’ अन् ठप्पकन शिक्का मारला.

वामनरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली अन् गंभीरपणे विचारलं, “पथ्य?”

मी म्हटलं, “मोबाईल.”

महिना असा भुर्रकन गेला. पुस्तकं परत आली ती कशी? एकात एक्स-रेचं बिल, एकाची तं प्लास्टिकची पिशवी बी उघडली नव्हती. जुळ्या पोरींच्या आईनं सांगितलं, “वाचू ना ताई, सुट्ट्यायमध्ये.” वाघवाला बाप म्हणे, डरकाळीपर्यंत पोचलोच नाही. मी रोज पुस्तकं दिल्या-घेतल्याच्या वहीत पाहायची, अन् रोज माझा चेहरा उतरायचा. मॅडम काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तं भांडता तरी आलं असतं.

शेवटचा शनिवार उजाडला. अकरा वाजता बंटी टीव्हीवाला खोका अन् ड्रिल मशीन घेऊन हजर. “ताई, कपाट रिकामं करून द्या ना लवकर.”

“आधी चहा घे.”

चहा झाला. मी दुसरा मागवला. तिसऱ्या चहाले तो म्हणाला, “ताई, आता ॲसिडिटी होईल मले.” काय करू? उठले, अन् वरच्या फळीवरची पुस्तकं खाली काढायले लागले. खरं सांगते, डोळ्यांसमोरचं धूसर दिसत होतं.

तेवढ्यात बाहेर कर्रकन ब्रेक लागला. संत्र्यानं भरलेली पिकअप दवाखान्याच्या दारात, मागं हॉर्नवर हॉर्न, अन् गाडीतून माणसं उतरून राहिली. दोन, चार, सात, अकरा! पुढं वामनराव, हातात दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी. अबोलीले काही झालं का? पण अबोली तं सगळ्यायच्या पुढं पळत येऊन राहिली होती, गालावर चांगली लाली.

वामनरावांनी दुपट्टा सोडला अन् ‘उंटाचं टपाल’ काउंटरवर आपटलं.

“बाई, औषध कमी निघालं!”

“म्हणजे काय काकाजी?”

“चिठ्ठीत लिहिलं तसं केलं. रात्री जेवणानंतर दोन पानं. एक दिवस खंड नाही. अन् काल शेवटला डोस होता, पान उलटतो तं काय, पुठ्ठा! शेवटचं पान फाटलेलं!”

“दोन म्हणजे दोनच बरं का,” जयवंताबाई मधात पडल्या. “मी हात जोडले यायले, म्हटलं एक पान जास्त वाचा, जीव टांगणीले लागला आहे. तं म्हणे नाही, ओव्हरडोस होते!”

“डॉक्टरचा शिक्का आहे त्याच्यावर,” वामनराव म्हणाले. “आपल्या मनानं डोस वाढवाचा असते का?”

मग जे सगळे सुटले बोलायले! अबोली आता अंधार पडायच्या आधीच ताट मागते, कारण जेवण झाल्याबिगर उंट पुढं जात नाही. शेजारची पंचफुला आधी कुंपणापाशी उभी राहून ऐके, मग आपलं ताट घेऊनच येऊ लागली. काल पुठ्ठा दिसल्यावर अंगणात वादावादी. सुशील म्हणे पत्र मास्तरचं. पंचफुला म्हणे विहिरीवरच्या बाईचं, तिचा भाऊ हरवला आहे ना! पंचफुला बी आली होती, तिथं उभ्या उभ्या पुन्हा तेच सांगून राहिली. शेवटी ठरलं, माल कळमन्याले जाऊनच राहिला आहे, तं सगळे जाऊ अन् विचारूनच येऊ.

वेटिंगमधली पोरं आईच्या मांडीवरून उतरून काउंटरपाशी आली. बंटी मशीन घेऊन तसाच उभा. माझी छाती अशी फुगली म्हणता! घर मिळालं होतं. एक नाही, दीड घर!

वामनराव म्हणाले, “सांगा बाई. तुम्ही दिलं, तुम्हाले माहीत असन. पत्र कोणाचं निघालं?”

अन् मी सवयीनं पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.

मले माहीत नव्हतं. बावीस वर्षं मी ते पुस्तक लोकायच्या हातात कोंबून राहिली, लाखात एक म्हणून, अन् शेवट मले माहीत नव्हता. कसा असणार? पोट्टं रडते, मी पहिलं पान उघडते, दहाव्या पानाशी नंबर येते, मीच हाक मारते, पोट्टं आत जाते. दुसरं येते की पुन्हा पहिलं पान. त्या कपाटातल्या एकाही पुस्तकाचा शेवट मी पाहिला नव्हता. घरी गेली की सिरियल. लाज वाटली मले, इतकी की काउंटरखाली शिरावं वाटलं.

“काकाजी,” मी म्हटलं, “मी बी शेवटपर्यंत वाचलं नाही.”

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. “काय गोंधळ आहे, वंदनाताई?”

“मॅडम, घर दाखवा म्हटलं होतं ना तुम्ही? हे घ्या. अकरा माणसं.” मी पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. “पण शेवटपर्यंत नाही वाचलं त्यायनं. शेवटच नाही पुस्तकाले. तुमची अट तुम्ही पाहा.”

मॅडमनं पुस्तक उचललं. मागचा पुठ्ठा उघडला, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, अन् पाहता पाहता त्यांचे कान लाल झाले.

“हे माझं आहे,” त्या म्हणाल्या. “ते पान मी फाडलं होतं.”

“काहून?” अबोलीनं विचारलं. भीती नाही काही नाही, सरळ डॉक्टरलेच.

“तुझ्याएवढी होते मी. ते पान मला इतकं आवडलं, की रोज उशीखाली घेऊन झोपायचं होतं. बाबा रागावतील म्हणून कधी सांगितलंच नाही. आता कुठं गेलं कोण जाणे.” मग म्हणाल्या, “पण पाठ आहे मला.”

अन् आमच्या मॅडम, ज्या रोज घड्याळ पाहून पेशंट पाहतात, त्या गळ्यात स्टेथोस्कोप तसाच ठेवून अबोलीजवळ बाकावर बसल्या. पोरं त्यांच्या पायापाशी. बंटी खोक्यावर टेकला.

“उंट शेवटच्या गावात आला,” मॅडमनं सुरू केलं. “पुढं रस्ताच नव्हता. तिथं एक म्हातारी होती. उंट म्हणाला, आजी, हे तरी तुमचं आहे का? म्हातारीनं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. ज्याच्या हातून हे पत्र इतक्या लांब आलं, त्याच्यासाठीच हे आहे. तू सगळ्यांची पत्रं पोचवलीस. तुला कधी कोणी लिहिलं नाही. आता खाली बस. पाणी पी. हे तुझं आहे.”

“उंटाचंच निघालं!” पंचफुला अशी ओरडली की आतलं एक बाळ जागं झालं.

“मी म्हटलं होतं ना!” जयवंताबाईंनी टाळी वाजवली.

“तू कधी म्हटलं वं?” वामनराव.

“मनात!”

अख्खा हॉल हसून राहिला होता, पोरं उड्या मारत होती, अन् बंटी नाक पुसत म्हणे, “उंट बिचारा.” मी मात्र पदर डोळ्याले लावून बसली होती. मले काय झालं होतं ते मलेच समजेना. पुढचा नंबर चोवीस होता, अन् हाक मारायचं मी विसरूनच गेली.

वामनरावांनी खिशातून ती जुनी चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. “चला बाई, कोर्स पूर्ण झाला. आता पुढचं औषध लिहा. या वेळेले जरा जाड द्या.”

मॅडम उठल्या. बंटीले म्हणाल्या, “दादा, तुम्हाला उगाच त्रास झाला. कपाट इथंच राहील.” मग आपल्या कागदांचं पॅड घेतलं, त्यावर काहीतरी लिहिलं, माझ्याच शिक्क्यानं ठप्पकन शिक्का मारला, अन् कागद वामनरावले नाही, मले दिला.

त्यांचं अक्षर पहिल्यांदाच मले स्पष्ट वाचता आलं. ‘वंदना, वय पन्नास. कपाटातलं कुठलंही एक. रात्री जेवणानंतर दोन पानं. कोर्स अर्धवट सोडू नये.’

मी डोळे पुसले अन् विचारलं, “पथ्य?”

मॅडम म्हणाल्या, “सिरियल.”