मिस्त्रींचा कान

मित्रांनो, रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटणं हे काही माझं काम नव्हे. आता तेच करतो, ही गोष्ट वेगळी. मी एक जुना, हातभर लांबीचा पेचकस आहे. तुम्ही मला स्क्रूड्रायव्हर म्हणत असाल. माझा दांडा पोलादाचा, मूठ लाकडाची, आणि टोक इतकं बोथट झालंय की साधा स्क्रूसुद्धा मला भीक घालत नाही.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं. मग एका दुकानात मी बरेच दिवस खिळ्याला लटकून होतो. एवढा लांबडा पेचकस घेऊन करायचं काय, असं म्हणत गिऱ्हाइकं मला परत टांगायची. एके दिवशी एक तरुण मेकॅनिक आला. त्याने माझं टोक दुकानातल्या घड्याळाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. दुकानदार हसला. तरुण म्हणाला, "हा द्या." माझं नशीब उघडलं असं मला वाटलं.

तो ट्रकच्या डिझेल इंजिनांची कामं करायचा. पुढे सगळे त्याला मिस्त्री म्हणू लागले, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसे ते मला चालू इंजिनाला लावत. आतलं खडखडणं, घासणं, ठोके देणं मी जसंच्या तसं त्यांच्या कानात पोचवत असे. मग ते बोट ठेवून सांगत, "इथे उघडा." दोष तिथेच निघायचा. लांबलांबचे ड्रायव्हर म्हणायचे, "कान असावा तर मिस्त्रींचा!" माझं नाव कोणी घेतलं नाही. राबावं बैलाने आणि हार घालावेत गाडीवानाला, अशी जगाची रीतच आहे.

पण दिवसभर उघड्या इंजिनांपाशी उभं राहणाऱ्याचे कान टिकणार किती? आधी मिस्त्रींना चहाचं उकळणं ऐकू येईना, मग बायकोचं बोलणं. त्या इतक्या मोठ्याने बोलू लागल्या की शेजाऱ्यांना वाटे, या घरात रोज भांडणं होतात. गॅरेजात त्यांची मुलगी असे, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली पक्की मेकॅनिक. गिऱ्हाईक काही बोललं की ती वडिलांसमोर उभी राहून ओठ ठळक हलवत तेच पुन्हा म्हणे, "म्हणजे चढावर धूर येतो, असंच ना?" मिस्त्री मान डोलवत. त्यांना ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

मला ते अजून कानाला लावत, पण तो देखावा होता. ते मला बोटांनी ऐकत. थरथर बोटांना कळते, पण ती नेमकी कुठून येते ते कळत नाही. बाकीचा सारा अंदाज. अनुभव दांडगा असल्यामुळे तो बहुतेक वेळा खरा ठरे. खरा ठरला की कानाचं कौतुक, चुकला की सुट्या भागांना शिव्या.

अशात त्यांचा धाकटा भाऊ आपला ट्रक घेऊन आला. एकच ट्रक, आणि त्याच्या घरातली चूल त्यावरच पेटायची.

"दादा, इंजिनात टकटक होतेय," तो म्हणाला. "गरम झालं की वाढते."

मिस्त्रींनी माझं टोक इंजिनाच्या तळाला टेकवलं आणि डोळे मिटले. "बिग एंडचं बेअरिंग गेलंय, पिस्टनच्या दांड्याखालचं. इंजिन उघडावं लागेल."

मित्रांनो, आवाज तिथला नव्हता! मी जीव तोडून सांगत होतो. त्यांच्या बोटांना मात्र नुसती थरथर लागत होती.

मिस्त्री चहाला गेले तेव्हा मुलीने स्वतः तपास केला. तिने एकेका सिलिंडरचं डिझेल तोडून पाहिलं. ज्याचं डिझेल तोडल्यावर ठोका मंदावतो, दोष त्या सिलिंडरच्या खाली, असा साधा हिशेब असतो. सगळे तपासून झाले, तरी ठोका तसूभर हलला नाही. मग तिने मला उचललं आणि इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या कंप्रेसरला टेकवलं. कंप्रेसर म्हणजे ट्रकच्या ब्रेकसाठी हवा भरणारं छोटं यंत्र. टक्! टक्! टक्! किती दिवसांनी कोणीतरी खरंच ऐकत होतं. माझा आनंद गगनात मावेना.

मिस्त्री परत आल्यावर ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, इंजिन ठीक आहे. कंप्रेसर ठोके देतोय. तो गेला तर ब्रेकला हवा मिळणार नाही."

मिस्त्रींना शब्द कळले. त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच लाल झाला. "तू मला शिकवणार? माझ्या कानाला?"

"एकदा फक्त उघडून..."

"अगं, दादा म्हणतोय ना!" काकाच मध्ये पडला. "त्याच्याइतकं कोणाला कळतं?"

मुलीने इंजिन उघडायला पाने काढले. त्या क्षणी मला त्या तिघांचाही राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

इंजिन उघडलं. जुनी बेअरिंगं धडधाकट निघाली. मिस्त्रींनी एक उन्हात धरून पाहिलं, मुलीनेही पाहिलं. "बदलून टाकू, उघडलंच आहे तर," एवढंच ते म्हणाले. सगळं पुन्हा बसवून इंजिन सुरू केलं, आणि ठोका पहिल्यासारखाच पडू लागला. समोरच्या दुकानातल्या वेल्डरलाही तो ऐकू जात होता. मिस्त्रींनी मला कानाला लावलं आणि समाधानाने हसले.

"बघ! गेला की नाही आवाज?"

मुलगी फडक्याला हात पुसत राहिली. भावाने तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे.

"हो दादा," तो म्हणाला. "एकदम गेला."

निघताना फाटकापाशी तो पुतणीला हळूच म्हणाला, "एवढी खेप टाकून येतो, मग दुसरीकडे दाखवतो. बाबांना बोलू नकोस, त्यांच्या जिवाला लागेल." ती हो म्हणाली. हळू बोलायचीसुद्धा गरज नव्हती म्हणा.

पुढचं मी पाहिलेलं नाही, गॅरेजात बोललं गेलं तेच सांगतो. त्याच खेपेत कंप्रेसर तुटला. हवेचा काटा खाली येताना भावाला दिसला, तोवर उतार लागला होता. ब्रेक लागेनात. समोरून माणसं येत होती, म्हणून त्याने ट्रक कडेच्या दरडीवर घातला. माणसं वाचली. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मोडका ट्रक ओढून गॅरेजच्या अंगणात आणून ठेवला. मुलीने कंप्रेसर उघडला आणि त्याचे तुकडे टेबलावर मांडले. मिस्त्री त्या टेबलाकडे फिरकत नसत. आल्यागेल्याला सांगत, "ब्रेकने दगा दिला हो. माझं इंजिन मात्र शेवटपर्यंत एक नंबर चाललं."

एके दिवशी भाऊ कुबड्या घेऊन आला. मिस्त्रींनी त्याला खुर्ची दिली, पाठीवरून हात फिरवला, आणि सवयीने तेच म्हणाले, "इंजिनात काही खोट नव्हती रे. आवाज तर मी काढूनच टाकला होता."

भाऊ खुर्चीतून उठला. एक कुबडी खाली पडली.

"आवाज तसाच होता, दादा!"

इतक्या मोठ्याने त्या घरातलं कोणी मिस्त्रींशी कधी खरं बोललं नव्हतं. समोरचा वेल्डर काम थांबवून बघू लागला. मिस्त्रींना ऐकू गेलं. त्यांनी टेबलाची कड धरली. ते मुलीकडे पाहत होते, ती खाली पाहत होती.

"मग तेव्हा का नाही बोललास?" त्यांनी विचारलं.

भावाचा जोर संपला होता. तो खाली बसला आणि पुटपुटला, "तुला वाईट वाटलं असतं."

मिस्त्रींनी कानामागे तळवा धरला. "काय?"

भावाने पुतणीकडे पाहिलं. एरवी तिने समोर उभं राहून ते वाक्य पुन्हा म्हटलं असतं. त्या दिवशी ती जागची हलली नाही.

"काही नाही, दादा," भाऊ म्हणाला.

मित्रांनो, हत्यारं पुसून ठेवा, त्यांना गंजू देऊ नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच विनवतो, की तुमच्या घरात कोणाला ऐकू येईनासं झालं असेल, तर त्याला तसं तोंडावर सांगा. तो चिडेल, दोन दिवस जेवणार नाही, तरी सांगा. मान राखायचा म्हणून नुसतं हो हो करू नका.

भावाने पुटपुटलेलं ते वाक्य मिस्त्रींना अजून कोणी सांगितलेलं नाही. मी कधीच सांगून टाकलं असतं, पण मला कानाला लावणं त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं आहे.