ऑरिनची वाकडी खाच

माझ्या नवऱ्याने, ऑरिनने, चाळीस वर्षं साऱ्या जिल्ह्याला ठासणीची पिस्तुलं घडवून दिली आणि मला एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटच्या हिवाळ्यात, डोळे जवळपास गेले असताना, त्याने अखेर माझं घेतलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आठ इंची नळी. मे महिन्यात तो गेला.

क्लबातल्या कारागिरांनी मूठ कौतुकाने कुरवाळली आणि मग नेम धरायची मागची खाच बघून माना खाली घातल्या. खाच मध्यावर नव्हती. नखाच्या जाडीएवढी उजवीकडे सरकलेली होती. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पाठीमागे काय बोलतात ते मला कळत होतं: म्हाताऱ्याला शेवटी दिसेनासं झालं होतं.

त्या शनिवारी क्लबाची ऑक्टोबरची नेमबाजी ऑरिनच्या नावाने होती. त्याच्याच पिस्तुलाने मी गोळ्या उडवणार, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. गोळ्या भरकटल्या असत्या तर ऑरिनचं शेवटचं काम भंगार ठरलं असतं, आणि तेच लोकांच्या लक्षात राहिलं असतं.

म्हणून गुरुवारी मी मर्लला बोलावलं. मर्ल ऑरिनच्या दुकानात वीस वर्षं शेजारच्या बाकावर बसला होता. येताना पितळी हातोडी घेऊनच आला.

"आधी ही खाच ठोकून मध्यावर आणतो, लिओटा. दोन मिनिटांचं काम."

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं. "आधी बंदुकीच्या दारूचं माप बसवायचं, मग लोखंडाला हात. नियम कुणाचा होता?"

"ऑरिनचा," तो पुटपुटला आणि हातोडी खिशात घातली.

पंचवीस वारांवर मधोमध काळा ठिपका असलेला कागद लावला. वीस ग्रेन दारू, चरबी लावलेली चिंधी, शिशाची गोळी, गजाने खाली. पहिली गोळी ठिपक्याच्या चार बोटं खाली लागली. मी माप वाढवून तीस ग्रेन केलं.

"का गं?"

"खाली जातेय ना. जोर दिला की वर चढेल."

"जोर दिला की वर चढते ती रायफलची. हे पिस्तूल आहे," मर्ल म्हणाला. "पण तू माझं कधी ऐकलंयस?"

ऐकलं नाही. पाच गोळ्या कागदभर पसरल्या, एकही वर चढली नाही आणि माझं मनगट मात्र दुखायला लागलं. मर्ल मी केलेल्या पर्सिमन फळाच्या पुडिंगचा दुसरा तुकडा खात राहिला.

मग निमूटपणे मी उतरत गेले. पंचवीस. बावीस. परत वीस. वीसवर पाच गोळ्या एका बिस्किटाखाली झाकता येतील इतक्या जवळ बसल्या. अजून चार बोटं खालीच, पण काळ्या ठिपक्याच्या अगदी सरळ रेषेत.

मर्लने खाणं थांबवलं. "असं कसं? खाच उजवीकडे आहे, तर गोळ्या उजवीकडे जायला हव्यात."

त्याने पिस्तूल घेऊन तेच माप भरलं आणि स्वतः पाच उडवल्या. पाचही तीन बोटं उजवीकडे.

त्याने पिस्तूल परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "परत उडव. मी तुझा हात बघतो."

मी उडवली.

"अगं, तू अजूनही ओढतेस. चाप दाबायच्या वेळी नळी डावीकडे जाते. तीस वर्षं तो तुला सांगत होता."

सांगत होता खरा. जेवताना, गाडीत, चर्चच्या पायरीवरसुद्धा: ओढू नकोस लिओटा, दाब. मग एक दिवस त्याने सांगणं सोडलं. मला वाटलं, थकला बिचारा.

आणि मग ती गोष्ट आठवली. त्या हिवाळ्यात त्याने उसन्या पिस्तुलांनी भोकं पाडलेले माझे नेमबाजीचे जुने कागद मागितले होते. शेगडी पेटवायला म्हणाला. मी गठ्ठाच दिला. तो शेगडीपाशी बसून एकेका कागदावरून अंगठा फिरवायचा, एकेक भोक चाचपायचा. मी खेकसले होते, "अरे, जाळायचे ना? मग कुरवाळत काय बसलायस?" तो हसला आणि कागद आत टाकला.

डोळे गेले होते, बोटं नव्हती गेली. माझा हात किती डावीकडे जातो ते त्याने मोजलं आणि खाच तेवढीच उजवीकडे ठोकली. मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. मर्लने आपला मळका रुमाल पुढे केला, तोही मी घेतला.

"आणि ही उंची?" थोड्या वेळाने मी विचारलं. "गोळ्या खाली का जातात?"

"ते तुझ्यावर सोडलं. तू किती दारू भरशील हे त्याला कसं कळणार? नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा पुढचा कंगोरा, तो सगळ्यांचीच उंच ठेवायचा. जितकी घासशील तितकी गोळी वर चढेल. पण घासलेलं परत येत नाही, तेव्हा बेताने."

कानस मीच धरली. तीनदा घासायचं, एक गोळी. तीनदा घासायचं, एक गोळी. काळ्या ठिपक्याच्या कडेला गोळी टेकल्यावर मर्ल म्हणाला, "अजून दोनदा." दोनदा घासलं आणि कानस खाली ठेवली.

शनिवारी मी चौथी आले. कागद मी घरी नेला नाही, क्लबाच्या भिंतीवर लावला, दहाच्या दहा भोकं थोडी वरखाली, पण एकही डावी-उजवीकडे नाही. कारागीर येऊन खाच बघायचे, मग कागद बघायचे आणि टोपी काढायचे.

"आता एकच कर," मर्ल निघताना म्हणाला. "या वयात नीट चाप दाबायला शिकू नकोस. पिस्तूल बिघडेल."

नाही शिकणार. एका माणसाने माझी खोड तीस वर्षं सोसली, आणि जाताना तिला लोखंडात जागा करून दिली. आता ती खोड मी जपते आहे.