घुंगरांची कावड

मित्रांनो, काठी गावात गोवालच्या झोपडीच्या कुडाला टेकून उभी आहे ती जुनी कावड मीच. सातपुड्याच्या उतारावरचा बांबू गोवालने तोडला, चिरला, विस्तवावर शेकला आणि मला घडवलं. माझ्या दोन्ही टोकांना शिंकी लटकवून तो मोहाची फुलं, चारोळी डोंगराखालच्या खापर गावच्या बाजारी नेई.

एका वर्षी होळी जवळ आली आणि नाचणाऱ्यांच्या कमरेचे घुंगरू पार झिजलेले निघाले. खापरचे दुकानदार इंदरमलशेठ म्हणाले, "खणखणीत घुंगरू सुरतलेच भेटतीन. मी माल लेवाले जाई ऱ्हायनू. चाल मन्हासंगे."

गोवालने खापरपुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरी त्याने गावाला शब्द दिला, "घुंगरांशिवाय परत येणार नाही."

बैलगाडीने आम्ही खांडबारा गाठलं, तिथून आगगाडीने सुरत. बरोबर शेठच्या पत्नी सोहनबाईही होत्या. बाजारात गोवालने प्रत्येक घुंगरू कानाशी वाजवून पारखला. दोन्ही शिंकी भरली. मग सोहनबाई म्हणाल्या, "इतलं दूर उनूत, मंग समुद्र तरी दखूत."

टांगा डुमसच्या किनाऱ्यावर पोचला तेव्हा ओहोटी होती. गोवाल घुंगरू नजरेआड करायला तयार नव्हता, म्हणून मीही त्याच्या खांद्यावर होते. चिखलात लाल खेकडे पळत होते. दूरवर गुलाबी पंखांचे रोहित पक्षी चरत होते. त्यांना जवळून पाहायला सोहनबाई पुढे गेल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या.

"मन्हा पाय निंघत नही!" त्या ओरडल्या. भरतीचं पाणी वेगाने आत येऊ लागलं होतं.

गोवालने मला खांद्यावरून काढलं, शिंकी तिथेच टाकली.

"गोवाल, तुन्हा घुंगरू!" शेठ म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. आधी बाई!"

तो चिखलात पालथा पडला. शेठनी त्याचे पाय धरले. त्याने मला पुढे सरकवलं आणि सोहनबाईंनी माझं टोक घट्ट पकडलं. ओढताना माझ्या अंगातून कडकड आवाज आला, एक लांब चीर पडली. पण मी तुटले नाही. बाई बाहेर आल्या. मागे वळून पाहिलं, तर एक शिंकं पाण्याने नेलं होतं.

गोवालने उरलेलं शिंकं उचललं. दुसऱ्या दिवशी सोहनबाईच त्याला बाजारात घेऊन गेल्या. दुकानामागून दुकान झालं. शेठ घाई करू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडी चुकनी तं चुकू द्या. तसाच आवाज भेटाले पाहिजे." गाडी खरंच चुकली. घुंगरू मात्र मिळाले.

त्या होळीला सोहनबाई पहिल्यांदा डोंगर चढून काठीला आल्या आणि पहाटेपर्यंत नाच पाहत बसल्या.

आता गोवालचे गुडघे थकले. खापरहून काठीपर्यंत मालमोटारी येऊ लागल्या, आणि मी कोपऱ्यात पडले. उधई, म्हणजे वाळवी, लागली. मित्रांनो, कामातून गेलेली वस्तू लगेच चुलीत घालू नका. तिला ऊन दाखवा, तेल द्या, सुटलेला दोर आवळा. तिच्यात अजून बळ असतं.

काल गोवालची बायको रूपलीबाई हिने मला बाहेर काढून पुसलं.

"बाईमाणसाने कावड घेतलेली कोणी पाहिली नाही," गोवाल म्हणाला.

"मग उद्या पाहतील," असं म्हणून तिने मला खांद्यावर तोलून पाहिलं.