मुकुटातले आठ मोती

माझी बायको आयल्सा गेली हे मला मंगळवारी सकाळी कळलं. पावणेसातला बर्नी गावच्या इस्पितळातून फोन आला. मी ‘बरं’ म्हणालो, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातलं टेबल आवरायला घेतलं. दुसरं काय करायचं ते सुचेना. आवरताना कप कलंडला, चहा सांडला. तिच्या भिंगाशेजारी एक पेनी होती, तिच्यावरही सांडला. मी भांड्यांच्या फडक्याने ती खसाखसा पुसली.

ती एकोणीसशे पंचवीसची पेनी होती. पाचव्या जॉर्जच्या पेन्यांचा संच आयल्सा एकतीस वर्षं जमवत होती. त्यात हीच एक कमी होती, आणि इस्पितळात जायच्या आठवड्यात ती मिळाली. हे मला नंतर त्या पेनीचं कागदी पाकीट सापडल्यावर समजलं. त्यावर वर्ष आणि मिळाल्याची तारीख लिहिलेली होती. दर्जाची जागा कोरी होती.

तिच्या नाणे-मंडळाने प्रदर्शनात तो संच तिच्या नावाने मांडायचं ठरवलं. तिथली रीत अशी, की नाण्याचा दर्जा आणि दोष घरच्या माणसाने आपल्या हाताने चिठ्ठीवर लिहायचे. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी पेनी घेऊन मंडळात गेलो.

तिथे डल्सीचा शब्द शेवटचा. वय ब्याऐंशी. तिने पेनी कडेने धरली, खिडकीशी नेली, तिरपी केली.

“कुणा गाढवाने पुसलीय ही. आणि आत्ताच, बरं का. ओरखडे अजून चमकतायत.”

“ते गाढव मी,” मी म्हणालो.

खुर्चीत बसून लॅमिंग्टन केक खाणारा मंडळातला व्हर्न हसला. “इतकी वर्षं तिच्याबरोबर काढलीस कॉलिन, आणि एवढंही शिकला नाहीस?”

“तोंडात केक आहे ना तुझ्या? तो खा,” डल्सीने त्याला गप्प केलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. “डोळ्याला लाव. पेनी हळूहळू हलव. काय दिसतं?”

“ओरखडे. माझेच.”

“ते असू देत. राजाचा मुकुट शोध. खालच्या पट्टीवर मोती आहेत, ते मोज. नाणं झिजलं की मधले आधी जातात.”

मी पेनी हलवली. आधी नुसतं तांबं दिसलं. मग उजेड एका बाजूने आत आला आणि मोती उभे राहिले. एक, दोन, तीन. खसखशीच्या दाण्याहून बारीक, आणि प्रत्येकाला स्वतःची सावली. मी आठ मोजले. पुन्हा मोजले. मध्ये एक हिरा होता, त्याच्या कडासुद्धा शाबूत होत्या.

लहानपणी असल्या पेन्या देऊन मी गोळ्या घेतल्या होत्या. राजाने मोती घातलेत हे मला कधी माहीत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ते साच्यात कोरले आणि ते इथवर तसेच आले. आयल्सा हे रोज बघायची, माझ्यासमोर बसून. मी पेपर वाचत असायचो. एकदाही विचारलं नाही, काय दिसतंय म्हणून.

किती वेळ गेला कळलं नाही. व्हर्नचं खाणं थांबलं होतं.

“आठ?” डल्सीने विचारलं.

“आठ. आणि हिरा.”

“म्हणजे सगळे शाबूत. दर्जात तेच लिही. खाली लिही, पुसलेली आहे.”

“तिच्या नावाखाली?”

“तिच्याच. दोष लपवून आयल्साने एक नाणं मांडलं नाही कधी. तू आता नवा पायंडा पाडू नकोस.”

तेव्हापासून मी रोज सकाळी पेनी घेऊन खिडकीशी बसतो. मोती मोजतो. दर वेळी आठ भरतात आणि दर वेळी मी थक्क होतो. मग पेन उचलतो. मोत्यांचं लिहायला जड जात नाही, पण खालच्या ‘पुसलेली’ या ओळीपाशी हात अडतो.

प्रदर्शन शनिवारी आहे. चिठ्ठी अजून पुरी झालेली नाही.