मुंगीचं बेट

आमच्या थोरल्याने आयुष्यात कुणाच्या तोंडचा घास काढून घेतला नाही, पण तोंडचं उत्तर मात्र हमखास काढून घेतो. प्रश्न कुणालाही विचारा, बोलणार हाच. सुनेला डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतं?" तर हा म्हणतो, "पोटात." ती बिचारी गाल धरून बसलेली, दाढ ठणकत होती तिची. घरी आली ती पोटाच्या गोळ्या घेऊन. परक्याच्या घरी मला कुणी चहाचं विचारलं की हा सांगून मोकळा, "आई घेत नाही." अरे मेल्या, जन्मभर घेत आले मी!

इतकी वर्षं हे मी हसण्यावारी नेलं. मग त्याने मुंगीच्या उत्तराला हात घातला.

मुंगी माझी नात, मधल्या मुलाची मुलगी. मधला आणि त्याची बायको एकाच अपघातात गेली, तेव्हापासून ती माझ्याच कुशीत झोपते. बोलते कमी, पण हात सारखे चालू, म्हणून मुंगी. तिच्या बापाने ओढ्याच्या काठावर बांबू लावला होता. काठ दर पावसाळ्यात ढासळायचा आणि सगळा गाळ खालच्या वस्तीच्या विहिरीत जायचा. बांबूच्या मुळांनी माती अशी काही आवळून धरली, की आता त्या विहिरीचा तळ दिसतो. ते बांबूचं बेट त्याने मुलीच्या नावावर केलं होतं. तेवढंच काय ते तिचं स्वतःचं.

आमचा धंदाही बांबूचाच. टोपल्या, चटया, खुर्च्या. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम आहे: बेटातला म्हातारा बांबू कापावा, यंदाच्या कोंबाला आणि गेल्या वर्षीच्या पोराला हात लावू नये. हा नियम पाळला तर बेट नातवंडांनाही पुरतं. सगळं एकदम साफ केलं तर मुळं उपाशी मरतात, आणि मुळांमागून मातीही जाते.

थोरल्याला एका हॉटेलची ऑर्डर मिळाली. खोल्याखोल्यांना बांबूच्या भिंती, आणि त्याही लगेच. त्याची नजर मुंगीच्या बेटावर गेली. पण तो तिचा पालक असला तरी लहान मुलाची मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कोर्टाच्या भाषेत लहान मुलाला 'अज्ञान' म्हणतात. आमच्या घरात अज्ञान कोण, ते पुढे कळेलच.

त्याने अर्ज केला की बेटाला फुलोरा आलाय. बांबूचं असं असतं, तो जन्मात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. मरायच्या आत कापला तर मुलीच्या पदरात चार पैसे पडतील, असं त्याचं म्हणणं. मलाही त्याने हेच सांगितलं. माझे गुडघे ओढ्याचा उतार उतरू देत नाहीत, म्हणून बघायला गेले नाही. पोटच्या पोराचा शब्द कोण तपासतं? मुंगीलाही त्याने तिकडे फिरकू दिलं नाही. "फुलोऱ्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप," म्हणाला. तेही खरंच आहे. खोट्यात एवढं खरं कालवलं की ते गळ्याखाली सहज उतरतं.

"बाबांचं बेट मरणार?" मुंगीने मला विचारलं.

"फुललं असेल तर मरणार, बाळा. कापलेलं बरं."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

कोर्टात आम्हाला मोठ्या दालनात नेलं नाही. न्यायाधीश बाईंनी स्वतःच्या खोलीत बोलावलं. काळा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवलेला, कोपऱ्यात लहान मुलांसाठी बुटकी खुर्ची, डब्यात रंगीत खडूंचे तुकडे. टेबलावर थोरल्याने आणलेला पुरावा पडला होता, बांबूचा हातभर शेंडा, तपकिरी फुलोऱ्याने लदबदलेला.

बाईंनी मुंगीला विचारलं, "तुझं बेट कापायचं म्हणताहेत. तुला काय वाटतं?"

"तिची काही हरकत नाही," थोरला म्हणाला.

"मी तिला विचारलं."

"लहान आहे हो ती. ती काय सांगणार?"

"काय सांगायचं ते ती ठरवेल. तिचं ऐकून घेतल्याशिवाय मला निर्णय देता येत नाही. तुम्हाला विचारेन तेव्हा तुम्ही बोला."

थोरल्याचं तोंड मिटलं. त्याच्या बापालाही हे कधी जमलं नव्हतं. त्याच्या बाजूने बोलायला आलेली मी, पण खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली.

मुंगी त्या शेंड्याकडे बघत राहिली. बाईंनी घाई केली नाही. मग तिने टेबलाकडे बोट दाखवलं. "हात लावू?"

"लाव की."

तिने शेंडा उचलला, कापलेलं टोक ओठांना लावलं आणि फुंकर मारली. बापाने शिकवलं होतं तिला ते. आमच्या बेटातल्या कुठल्याही कांड्यात फुंकलं की घुबडासारखं घुमतं. तिचे गाल फुगले, डोळे मोठे झाले, आवाज काही निघेना. तिने टोकाला डोळा लावून बघितलं.

"आजी, हा वाजत नाही."

"ओला असेल गं," थोरला चटकन म्हणाला. सवय जाते होय!

मी तो शेंडा हातात घेतला. टोकावरून अंगठा फिरवला. उसासारखा भरीव होता. असा बांबू डोंगरापलीकडे होतो, काठ्या करायला नेतात. मुंगीच्या बेटातला प्रत्येक बांबू शेंड्यापर्यंत पोकळ. इतकी वर्षं या धंद्यात राहून हा माझा लेक दुसऱ्या जातीचा बांबू घेऊन आला होता. खोटं बोलला त्याचा राग आलाच, पण तेही धड जमलं नाही याची लाज वाटली.

"साहेब," मी म्हटलं, "मी हो म्हणायला आले होते. आता नाही म्हणते. हा आमच्या बेटातला नाही. आमचा पोकळ, हा भरीव. बेट फुललंय की नाही, ते माणूस पाठवून बघा."

बाई थोरल्याकडे वळल्या. "हे कुठून आणलंत?"

जन्मात पहिल्यांदा प्रश्न खरोखर त्याला होता, आणि त्याच्यापाशी उत्तर नव्हतं.

कोर्टाचा माणूस बेट बघून आला. हिरवंगार होतं, फुलाचा पत्ता नव्हता. निकाल झाला: बेट साफ करायचं नाही, फक्त तयार बांबू काढायचा, पैसे मुंगीच्या खात्यात. पालक म्हणून मी. आणि दर कापणीआधी मुंगीला विचारायचं.

"आजी, निकाल वाचून दाखवू?" बाईंनी विचारलं.

"दाखवा, पण त्याच्याकडे बघून वाचा."

घराच्या वाटेवर थोरला कुरकुरत होता. "आई, ऑर्डर हातची गेली. मी हे सगळं घरासाठीच केलं ना?"

ओढ्याशी आल्यावर मी थांबले. "मला खाली ने."

"तुझे गुडघे..."

"गुडघ्यांना विचारलंय मी, ते हो म्हणाले. पाठीवर घे."

चांगला बाप्या माणूस, आईला पाठुंगळी घेऊन उतार उतरला. मुंगी पुढे पळत होती. खाली बेट सळसळत उभं होतं, मधूनमधून यंदाचे कोंब वर आलेले. मुंगी प्रत्येकाला हात लावून बघत होती, घरी परतल्यासारखी. मी त्याच्या पाठीवरूनच बोलले, कान अगदी जवळ होता.

"कोर्टाचा निकाल झाला, आता माझा ऐक. घरासाठी केलंस म्हणतोस? मुंगी घरात नाही का? हॉटेलवाल्याला सांग, बेट देईल तेवढ्या खोल्यांना भिंती, उरलेल्या पुढच्या वर्षी. नसेल थांबत तर जाऊ दे, गिऱ्हाईक दुसरं मिळतं. मुंगी ज्या बांबूला चुन्याचं बोट लावेल तोच तुझ्या कोयत्याखाली येईल. तिला विचारायचं आणि गप्प उभं राहायचं. तिला वेळ लागेल. कोंबाची वाट बघतोस ना, तशी तिचीही बघायची. चल, आत्ताच विचार. आणि खबरदार, तिच्या आधी तोंड उघडलंस तर!"